पिकिरवाले डॉक्टर

डॉक्टर तुकोजींबद्दल चांगलं बोलणारी माणसं आमच्या मराठी समाजात अजून पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातली नाही. आमच्या उसाच्या बेटावर, फ्लाक जिल्ह्यातल्या एका लहानशा सरकारी इस्पितळात मी त्यांच्या हाताखाली आठ वर्षं सुईण म्हणून काम केलं. त्या आठ वर्षांत मला त्यांचा जेवढा तिटकारा आला तेवढा पुढे कुणाचाच आला नाही. माणूस वाईट होता असं मी म्हणत नाही. वाईट माणसाला निदान आपण काय करतोय हे ठाऊक असतं.

तुकोजी हे त्यांचं आडनाव. हिंदुस्थानातून मजुरीला आणलेल्या बोटीतून उतरलेल्या पणजोबाचं नाव कारकुनानं कागदावर चढवलं आणि पुढे तेच घराण्याचं झालं, आमच्याकडे बहुतेकांचं असंच आहे. विलायतेहून डॉक्टर होऊन परतल्यावर मात्र ते हे नाव ओठ पुढे काढून, फ्रेंच बोलणाऱ्या गोऱ्या मळेमालकांसारखं उच्चारायचे. 'त्युकोझी.' टेलिफोनवर 'इसी दोक्तेर त्युकोझी', म्हणजे इथे डॉक्टर तुकोजी, असं ऐकू आलं की वॉर्डातली झाडूवाली हसू दाबायला पदर तोंडात धरायची.

पन्नासच्या दशकाच्या मध्यावर ते आमच्याकडे नेमले गेले. आपल्या भाषेचा, आपल्या जातकुळीचा पहिला डॉक्टर आपल्या भागात येतोय, म्हणून मंदिरात सत्कार झाला. त्यांच्या गळ्यातला हार मीच गुंफला होता, हे कबूल करायला हवं. भाषणात ते म्हणाले, "मी इथे विज्ञान आणलं आहे." हे वाक्य ते फ्रेंचमध्ये बोलले. समोर बसलेल्या निम्म्या बायकांना ते कळलं नाही, पण टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या.

ते विज्ञान म्हणजे पेनिसिलिन. आमच्या क्रिओल बोलीत इंजेक्शनला पिकिर म्हणतात, आणि डॉक्टरांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "एन पिकिर, फिनी." एक सुई टोचली की संपलं. ताप असो, खोकला असो, पायात उसाचं कुसळ घुसलेलं असो. बाळंतिणींच्या बाबतीत तर विचारूच नका. बाळ बाहेर येताना बाईचा खालचा भाग थोडाफार फाटतो, कधी आपणच कात्रीने वाट मोठी करतो, मग टाके घालावे लागतात. अशा जखमेला स्वच्छता लागते, कोरडेपणा लागतो आणि थोडा धीर लागतो. तेवढ्यावर दहापैकी नऊ जखमा आपोआप भरून येतात. डॉक्टर तुकोजी मात्र दोन टाके घातले तरी पेनिसिलिन लिहायचे. आठवडाभर, सकाळ-संध्याकाळ.

मी ज्या मेट्रनच्या हाताखाली शिकले, ती बाई टाक्यांच्या बाबतीत फार कडक होती. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यात बाळंतिणीला दिवसातून दोनदा बसवायचं, नंतर जखम पुसायची नाही, टिपायची, आणि कापड दर वेळी नवं. आमच्या वॉर्डात त्यासाठी सहा तसराळी होती. डॉक्टरांनी ती पहिल्याच आठवड्यात पाहिली.

"हे काय आहे, मिस?"

"टाक्यांसाठी, डॉक्टर. बसायला."

"माझी आजी हेच करायची. ती तर सहीसुद्धा करू शकत नव्हती." त्यांनी बोटाच्या टोकाने एक तसराळं पुढे ढकललं. "पा बिझें. याची गरज नाही. जंतू रक्तात मारायचे असतात, तसराळ्यात नाही."

तसराळी भांडारात गेली. मी ती तिथून पुन्हा आणत राहिले, दुपारी ते जेवायला गेले की. हे त्यांना कधी कळलं नाही, कारण जखम ते कधी बघतच नव्हते. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून कागद वाचायचे, "बें" म्हणजे ठीक, असं म्हणायचे आणि पुढे जायचे. पांढरा कडक इस्त्रीचा सूट, खिशात कंगवा, अंगाला अत्तर. एका पलंगापासून दुसऱ्या पलंगाकडे जाताना हात धुवायचे नाहीत, पण केस मात्र दोनदा विंचरायचे. शनिवारी राजधानीत, पोर लुईत, घोड्यांच्या शर्यती असत आणि डॉक्टर त्या चुकवत नसत. त्या दिवशी दुपारी बाळंत होणाऱ्या बाईचे टाके इतक्या घाईत पडायचे की मी नंतर ते बघून मान खाली घालायची. वाईट एवढ्याचंच वाटायचं, की त्या हातात खरोखर कसब होतं. मनात आलं तर तो माणूस इतके सुंदर टाके घालायचा की महिन्याभराने खूणही दिसू नये. मनात मात्र क्वचितच यायचं.

लोकांना ते आवडायचे, हे त्याहून वाईट. सुई टोचणारा डॉक्टर म्हणजे मोठा डॉक्टर, अशी समजूत झाली होती. पिकिर न मिळालेली बाळंतीण घरी जाऊन रडायची, आपल्यालाच का नाही म्हणून. सासवा येऊन माझ्याशी भांडायच्या. एकीने तर मला विचारलं, "मिस, तुमची आमच्याशी काही दुश्मनी आहे का?" घरोघरून डॉक्टरांकडे अननस, लिचीच्या फांद्या, जिवंत कोंबड्या जायच्या. मिठाच्या पाण्यासाठी मला कुणी काही आणून दिल्याचं आठवत नाही, आणि तेही ठीकच होतं. पाणी कुणालाही मिळतं.

त्रियोलेहून माहेरी बाळंतपणाला आलेली एक मुलगी होती. पहिलं मूल, शनिवार, घाईचे टाके. पाचव्या दिवशी तिच्या पलंगाजवळ उभं राहवेना, इतका वास. अंगात ताप. डॉक्टर आले, नाकाला रुमाल लावून त्यांनी पेनिसिलिन दुप्पट केलं. सातव्या दिवशीही तेच. तेव्हा ते मुलीच्या आईकडे वळून म्हणाले, "तुमच्याकडे अंघोळ करायची पद्धत आहे की नाही?"

 त्या माउलीने मुलीच्या अंगावरची चादर उगाचच सारखी केली.

मी दुपारची वाट पाहिली. ते जेवायला गेल्यावर दरवाजा लावून घेतला, हात कोपरापर्यंत धुतले आणि मुलीला म्हटलं, "पोरी, थोडं सहन कर." आत बोट घालून पाहिलं तर कापसाचा बोळा. टाके घालताना रक्त टिपायला ठेवलेला, काढायचा राहून गेलेला, सात दिवसांचा. तो बाहेर काढला. जखम धुतली. दुसऱ्या सकाळी ताप उतरला, तिसऱ्या दिवशी मुलगी उठून बसली आणि तिने भात मागितला.

बोळा मी बशीत झाकून ठेवला होता. डॉक्टरांपुढे झाकण काढलं.

त्यांनी बघितलं आणि खिशातून कंगवा काढला. "बोळे मोजणं हे नर्सचं काम आहे, मिस," ते म्हणाले.

त्या शनिवारी मी कामावर नव्हते. जी होती तिला मोजायला वेळच दिला गेला नव्हता.  त्यांनी कागदावर लिहिलं, 'पेनिसिलिनने गुण आला.' घरी जाताना मुलीच्या बापाने त्यांच्या गाडीत दोन अननस ठेवले. मुलीची आई माझ्याकडे बघून हसली, कारण मीही तिथेच उभी होते.

माझा नवरा शिक्षक होता, संध्याकाळी मंदिराच्या बैठकीत, म्हणजे तिथल्या शाळेत, मुलांना मराठी शिकवायचा. मी घरी येऊन चिडचिड केली की तो म्हणायचा, "वर लिही. मोठ्या साहेबाला पत्र लिही." मी कधी लिहिलं नाही. आपल्याच माणसाविरुद्ध तक्रार करायची, आणि ती वाचणार कोण, तर गोरा साहेब. त्याला आनंदच झाला असता. असं मी स्वतःला सांगायची. आज वाटतं, ती सबब होती. मला नोकरी हवी होती.

आता मुख्य गोष्ट सांगते.

एका वर्षी, उन्हाळ्याच्या भरात, मंदिराच्या अध्यक्षांची सून आमच्याकडे बाळंत झाली. मुलगा झाला. फाटलं होतं ते इतकं किरकोळ, की मी असते तर एक टाकाही घातला नसता. डॉक्टरांनी दोन घातले आणि दहा दिवसांचं पेनिसिलिन लिहिलं, दिवसातून दोनदा. तो एक प्रकारचा मानपान होता. अध्यक्षांच्या सुनेला दहा दिवस मिळाले म्हटल्यावर शेजारच्या पलंगावरच्या सरकारी कारकुनाच्या बायकोलाही दहा, मग तिच्या पलीकडच्या दुकानदारिणीलाही दहा. तिघींपैकी एकीलाही ताप नव्हता.

कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. मी त्यांना म्हटलं, "डॉक्टर, पेटीत थोड्याच कुप्या उरल्यात. पोर लुईहून नवीन यायला दोन आठवडे आहेत."

"मग मागवा."

"मागवल्यात. पण तोवर एखादी खरोखर गरजेची बाई आली तर?"

ते हसले. "मिस, गरज कुणाला आहे हे ठरवायला मला सरकार पगार देतं."

शेवटची कुपी दुकानदारिणीला दिली त्या दिवशी रेडिओवर वादळाची सूचना आली. आमच्या बेटावर वादळं येतच असतात, पण ते वादळ वेगळं होतं. इस्पितळाचे पत्रे राहिले, आजूबाजूच्या वस्तीतले राहिले नाहीत. वारा थांबला तेव्हा चहूकडे ऊस जमिनीला चिकटून पडला होता आणि पोर लुईच्या रस्त्यावर झाडंच झाडं.

दुसऱ्या सकाळी बों अक्योय गावाहून अनुसया नावाच्या बाईला आणलं. चार माणसांनी दरवाजाच्या फळीवर घालून, चालत. ती उसाच्या मळ्यात मजुरी करायची, वय असेल तेवीस-चोवीस. वादळभर शाळेच्या खोलीत वीस माणसांमध्ये कळा देत होती. मूल मोठं होतं, ते तिथेच जन्मलं, जिवंत. पण अनुसया पार मागपर्यंत फाटली होती, शौचाच्या वाटेचा स्नायू तुटेपर्यंत. जखमेत माती होती, चादरीचे धागे होते.

इथे मला त्यांचं एक खरं सांगायलाच हवं. डॉक्टर तुकोजींनी त्या दिवशी सूट काढून ठेवला, बाह्या सारल्या, हात धुतले, आणि सव्वा तास वाकून त्या बाईला शिवलं. थर लावून, एकेक. मी शेजारी उभी राहून धागे देत होते आणि मनात म्हणत होते, हा माणूस असा का नाही रोज. शेवटचा टाका घालून ते सरळ झाले. कपाळावर घाम होता.

"पेनिसिलिन लगेच सुरू करा," ते म्हणाले. "हिला लागेल."

"नाही, डॉक्टर."

"नाही म्हणजे?"

मी कपाट उघडून दाखवलं. रिकामी पेटी.  आयुष्यात पहिल्यांदाच मला त्यांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा दिसला.

"काहीतरी असेल," ते म्हणाले.

"सल्फाच्या थोड्या गोळ्या आहेत."

"द्या मग त्याच." जरा थांबून म्हणाले, "आणि ते मिठाचं पाणी."

मी म्हटलं, "डॉक्टर, साखर कारखान्याच्या दवाखान्यात पेनिसिलिन नक्की असेल. चालत दीड तासाची वाट आहे. तुम्ही एक चिठ्ठी लिहून द्या, मी स्वतः जाते."

कारखान्याचा डॉक्टर गोरा होता. त्याने एकदा क्लबाच्या दारात आमच्या डॉक्टरांना ड्रायव्हर समजून गाडी आणायला सांगितलं होतं. ही गोष्ट जिल्हाभर सगळ्यांना ठाऊक होती. डॉक्टरांनी सूट अंगात चढवला, बटणं लावली.

"त्या माणसाच्या दारात मी भीक मागणार नाही," ते म्हणाले. "रस्ता उद्या उघडेल."

रस्ता दुसऱ्या दिवशी उघडला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. परवानगीशिवाय वॉर्ड सोडायचा नाही असा नियम होता, आणि मी तो दोन दिवस पाळला. तसराळी काढली, पाणी उकळलं, तिला बसवलं, टिपलं. अनुसया विचारायची, "मिस, मला पिकिर नाही का?"

"येणार आहे," मी म्हणायची.

"त्या पलीकडच्या बाईला रोज देत होते म्हणे."

तिसऱ्या सकाळी तिला हुडहुडी भरली आणि टाक्यांतून पू यायला लागला. मी एप्रन काढला आणि कुणालाही न विचारता चालू लागले. आडव्या पडलेल्या उसातून, फुटलेल्या पुलाखालच्या पाण्यातून. कारखान्याच्या डॉक्टरने मला नावही विचारलं नाही. ऐकून घेतलं, बारा कुप्या कागदात बांधून दिल्या आणि म्हणाला, "चिठ्ठी कशाला हवी होती? निरोप पाठवला असता तरी माणसाबरोबर पाठवल्या असत्या."

परतीच्या वाटेवर मी ते वाक्य घेऊनच चालत होते.

पेनिसिलिनने अनुसयाचा जीव वाचवला. हेही सांगायला हवं, कारण औषधाशी माझं भांडण नव्हतं आणि नाही. जिथे हवं तिथे ते देवासारखं धावून येतं. पण टाके वाचले नाहीत. पाचव्या दिवशी सगळी जखम उघडी झाली. तो सव्वा तासाचा सुंदर हात, एकेक थर, सगळं सुटून आलं. जखम पुढे आतून भरली, पण स्नायू जुळला नाही. अनुसयाला मळ आवरता येईना.

डॉक्टरांनी अहवाल लिहिला: वादळामुळे औषधांचा पुरवठा खंडित झाल्याने रुग्णाला उपचारास विलंब झाला. खाली त्यांची सही होती, आणि भांडार सांभाळणारी म्हणून माझी सही हवी होती.

"पेटी वादळाच्या आदल्या दिवशी संपली होती, डॉक्टर," मी म्हटलं.

"वादळ आलं की नाही?" त्यांनी विचारलं.

"आलं."

"मग?" त्यांनी पेन पुढे केलं.

मी सही केली. त्यांच्याबद्दलचा माझा तिटकारा त्या दिवसापासून पुरता शुद्ध राहिला नाही. त्यात थोडा माझा वाटा मिसळला.

अनुसया त्यानंतर मळ्यात गेली नाही. बसमध्ये चढायची नाही. गणपतीत मंदिराच्या बाहेर चिंचेखाली उभी राहायची, आरती तिथूनच ऐकायची. नवऱ्याने तिला टाकलं नाही, एवढं नशीब. सासूने मात्र तिचं ताट वेगळं केलं. मी अधूनमधून जायची, कापडं द्यायची. ती कधी डॉक्टरांना दोष द्यायची नाही. "त्यांनी किती वेळ वाकून शिवलं," असं म्हणायची. डॉक्टर त्या काळात तिच्या घरावरून गाडीतून जात-येत होते. एकदाही थांबले नाहीत.

पुढे माझी बदली शहरातल्या मोठ्या इस्पितळात झाली. तिथे एक बाहेरून आलेल्या बाई होत्या, बायकांच्या आजारांच्या डॉक्टर, कमी बोलणाऱ्या. एक दिवस धीर करून मी त्यांना अनुसयाची हकिगत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारलं, "सहा वर्षं? हे तर जखम भरल्यावर काही महिन्यांत पुन्हा शिवता आलं असतं. कुणी सांगितलं नाही का तिला?"

कुणी सांगितलं नव्हतं. मला माहीत नव्हतं. आमच्या डॉक्टरांना, विलायतेत शिकलेल्या माणसाला, माहीत नसणं शक्य नव्हतं. पण तिला शहरातल्या इस्पितळात पाठवायचं म्हणजे पुन्हा कागद काढायचा, आणि कागदात पुन्हा ती रिकामी पेटी.

बाईंनी अनुसयाला शिवलं. शस्त्रक्रियेआधी पेनिसिलिनची एक सुई, नंतर थोडेच दिवस. बाकी सगळं धुणं, टिपणं, कोरडं ठेवणं. यावेळी टाके टिकले.

डॉक्टर तुकोजी एव्हाना सरकारी नोकरी सोडून व्हाकोआला स्वतःचा दवाखाना घालून बसले होते. तिथे सरकारी बाबू, शिक्षक, त्यांच्या बायका यांची रांग असायची. मराठी समाजाच्या संस्थेने त्यांना उपाध्यक्ष केलं. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते आमच्या बेटाला स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आदल्या वर्षी. बदलीनंतर मीही व्हाकोआलाच राहत होते; अनुसया मुलाला घेऊन माझ्याकडे आली होती, आणि आम्ही बाजारातून पिशव्या घेऊन निघालो होतो. नेहमीचा व्हाकोआचा भुरभुर पाऊस. डॉक्टर मिठाईच्या दुकानातून बाहेर आले. पोट सुटलं होतं, केस रंगवलेले होते. मला बघून थांबले.

"मिस. कशा आहात?"

"बरी आहे, डॉक्टर."

त्यांनी अनुसयाकडे पाहिलं, जसं कुणीही परक्या बाईकडे पाहावं. तिने पिशवी खाली ठेवून हात जोडले.

"ही कोण?"

"अनुसया," मी म्हटलं. "बों अक्योयची. वादळाच्या वेळी आली होती तुमच्याकडे."

ते आठवू लागले. खरोखर आठवायचा प्रयत्न करत होते, ढोंग नव्हतं. ढोंग असतं तर मला बरं वाटलं असतं.

"कोणतं वादळ?" त्यांनी विचारलं.

 अनुसयाच बोलली, अगदी आदराने. "मोठं झालं ते, डॉक्टर. आमचं छप्पर गेलं ते."

"हां, हां," ते म्हणाले. "छप्परं पुष्कळांची गेली."

ड्रायव्हरने दार उघडून धरलं होतं. डॉक्टर मिठाईचा पुडा पोटाशी धरून आत बसले, सूट भिजू नये म्हणून काच वर केली, आणि गाडी पुढे गेली.